सागवानी मांडवाचं वय

चित्रकलेचा शिक्षक हा शाळेतला रिकामा माणूस, अशी सरकारची ठाम समजूत आहे. गणिताच्या बाईंना बाहेरच्या कामाला बोलावलं तर मुख्याध्यापक निदान कपाळाला आठ्या घालतात. मला बोलावलं की माझे तास दुसऱ्याला वाटून मोकळे होतात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी जनगणना केली, मतदार याद्या तपासल्या, उघड्यावर बसणाऱ्यांना हटकायला पहाटे शिट्टी घेऊन उभी राहिले. चित्रकला शिकवली ती उरलेल्या वेळात. त्यामुळे भिवंडीत पाणी शिरलं त्या ऑगस्टात पंचनाम्याचा आदेश माझ्या नावाने आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नुसता संताप आला.

आदेश वाचल्यावर संताप थोडा निवळला. विषय होता, पुरामुळे बाधित सांस्कृतिक वारसास्थळांच्या आर्थिक नुकसानीचा अंदाज. तालुक्यातली जुनी देवळं, वीरगळ, बारवा, असं जे काही पाण्याखाली गेलं होतं त्याचं नुकसान रुपयांत मांडायचं. काही वर्षांपूर्वी मी शाळेतल्या मुलींना घेऊन गावोगावच्या लाकडी कोरीवकामाची चित्रं काढली होती, त्यांचं प्रदर्शनही भरलं होतं, ते कुणाला तरी आठवलं असावं. मला जे येतं त्यासाठी सरकारने मला जन्मात पहिल्यांदा बोलावलं होतं. नवऱ्याला मी तसं फुशारकीने सांगितलं. तो बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे. त्याने फक्त विचारलं, "फॉर्म बघितलास का?"

फॉर्म मी बघितला नव्हता.

फॉर्म पडझड झालेल्या घरांचा होता, वरचं शीर्षक तेवढं बदललेलं. 'बाधित वास्तूचा प्रकार' याच्यापुढे चार चौकटी होत्या: पक्के घर, कच्चे घर, झोपडी, गोठा. यांपैकी एकीवर खूण करणं सक्तीचं. मग लांबी, रुंदी, बांधकामाचं वय, त्या वयानुसार घसारा, उर्वरित साहित्याची किंमत आणि शेवटी निव्वळ नुकसान. निरंक असल्यास निरंक लिहावे, अशी तळटीप. आमच्या मागच्या गल्लीतले लूम पाण्यात बसले होते. तिथले मालक, मुकादम, अगदी कांडी भरणारी बाईसुद्धा बोटांवर सांगत होती, मोटार एवढ्याची, सूत एवढ्याचं. त्यांचं नुकसान मोठं होतं, पण त्याला भाव तरी होता. देवळाच्या खांबाचा भाव कोण सांगणार, हा विचार आदेश काढणाऱ्याच्या डोक्यात आलेला दिसत नव्हता.

माझ्या जोडीला एक तलाठी दिला होता. पन्नाशीचा, गोड बोलणारा आणि कामाचा उरक दांडगा. पहिल्याच दिवशी आम्ही कोनच्या पुढे एका शेतात वीरगळ बघायला गेलो. पाण्याच्या लोटाने तो उपटून बांधापलीकडे टाकला होता आणि त्याचे दोन तुकडे झाले होते. खालच्या तुकड्यावर लढणारा वीर, वरच्यावर हात जोडून देवापुढे बसलेला. मी बराच वेळ बघत राहिले. तलाठ्याने तोवर टेप लावून मापं घेतली आणि मोबाईलवर हिशोब केला. "बाई, दगड ब्रासवर धरावा लागेल. हा एक दशांश ब्रासही भरत नाही."

मी म्हटलं, अहो, हा खडीचा दगड आहे का?

"नाही ना," तो म्हणाला. "खडीचा असता तर दर तरी मिळाला असता."

तो चेष्टा करत नव्हता. त्या वीरगळासाठी आम्ही 'झोपडी'वर खूण केली, कारण मोबाईलवर भरताना चौकट रिकामी सोडली की पुढचं पान उघडत नव्हतं.

अशा आठ दिवसांच्या चिडचिडीनंतर आम्ही गणेशपुरीच्या अलीकडच्या एका नदीकाठच्या गावात पोचलो. तिथे गावदेवीच्या देवळापुढे सागवानी मांडव होता. बारा खांब, वर तुळया, तुळयांना खालून आधार देणारे पोपटाच्या आकाराचे हस्त, आणि सगळे जोड लाकडी खुंट्यांनी बसवलेले. कुठे एक खिळा नाही. मुलींना घेऊन मी इथे दोन दिवस बसले होते, त्यामुळे त्यातले पोपट माझ्या ओळखीचे होते. पाणी मांडवात कमरेइतकं चढून दोन दिवस तसंच राहिलं होतं. एक बाजू खचली होती, दोन तुळया जोडातून निसटून लोंबत होत्या आणि कौलं चिखलात रुतली होती.

आत एक म्हातारा सुतार ओल्या खांबांना गोणपाट गुंडाळत होता. सत्तरी कधीच ओलांडलेला, हाताची बोटं मात्र अजून सरळ. हा मांडव त्याच्या खापरपणजोबाने भावांना हाताशी धरून उभा केला, असं गावात सगळेच सांगत. मी विचारलं, बाबा, गोणपाट कशाला?

"ऊन लागलं त लाकूड तडकल," तो म्हणाला. "सावकाश सुकू द्यायचं. चार म्हैने लागतील. मंग तुळया वर घ्यायच्या, खुंट्या नव्या मारायच्या, कौलं घालायची. मांडव मेला न्हाय बाई. भिजलाय."

त्याला पैसे हवे होते ते तुळया उचलायच्या जॅकसाठी, सागाच्या खुंट्यांसाठी आणि कौलांसाठी. स्वतःची मजुरी तो मागत नव्हता. पैसे आले नाहीत तर काय होणार, तेही त्याने सांगितलं. देवस्थान कमिटीचे सेक्रेटरी मांडव पाडून तिथे सिमेंटचा हॉल बांधणार.

सेक्रेटरी हे गोदामांना जमीन भाड्याने देऊन सुधारलेले गृहस्थ. वाईट माणूस नव्हेत. आमच्यासाठी त्यांनी चिखलावर फळ्या टाकून खुर्च्या मांडल्या होत्या आणि चहा थर्मासमध्ये घेऊन उभे होते. "बाई, तुम्ही शिकलेल्या," ते मला म्हणाले. "दरवर्षी वाळवी, दरवर्षी गळती. लग्न काढायचं तर गावाला भिवंडीत हॉल घ्यावा लागतो. ह्या लाकडाला किती दिवस जपायचं?" मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे म्हणून आणखी राग आला. सुतार ऐकत होता. गुंडाळायचं काम त्याने थांबवलं नाही.

आम्ही फॉर्म भरायला बसलो. चौकटीवरूनच वाद सुरू झाला. भिंती नाहीत म्हणून घरात बसत नाही. तलाठी म्हणाला, खांब आणि वर कौलं, म्हणजे गोठा. मी म्हटलं, देवीच्या मांडवाला गोठा म्हणायचं? तो म्हणाला, "देवी काय फॉर्म वाचणार आहे?" मी गोठ्यावर खूण केली.

पुढचा रकाना वयाचा. मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, अंदाजे दोनशे वर्षे. तलाठ्याने आकडा टाकला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. निव्वळ नुकसान, निरंक. वय वाढतं तसा घसारा वाढतो. लाकडी बांधकाम ठरावीक वर्षांचं झालं की त्याची किंमत शून्य, आणि शून्याचं नुकसान ते काय होणार? जितकं जुनं तितकं बिनमोलाचं. वारसा मोजायला निघालेला फॉर्म वारसा असल्याबद्दलच दंड लावत होता. शेजारी कमिटीने चार वर्षांपूर्वी बांधलेली मुतारी होती, तिचं दार वाहून गेलं होतं. तिला भरपाई बसत होती.

माझं डोकं फिरलं. मी तिथूनच तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. "मॅडम, फॉर्म वरून आलाय," ते म्हणाले. "काही विशेष असेल तर रिमार्कमध्ये लिहा." रिमार्कच्या रकान्यात एक ओळ मावत होती, तीही अर्धी.

"वय कमी करू या," तलाठी शांतपणे म्हणाला. "दहा टाका. पैसे बसतील."

दहा म्हणजे फारच झालं, मी म्हटलं. मग पंधरा? भाजीवालीशी करावी तशी आम्ही घासाघीस केली आणि वीसवर सौदा पटला. दहा सांगितले असताना मी वीस लिहिले, म्हणजे आपण सचोटीने वागलो, असं मला त्या वेळी वाटलं होतं. आज आठवलं की लाज वाटते. वर मी उर्वरित साहित्याची किंमतही अगदी किरकोळ लावली, जळाऊ लाकडाची लावावी तशी, कारण ती नुकसानीतून वजा होते. आता मोबाईलवर रक्कम उमटली. सुतार सांगत होता त्या कामाला पुरून उरेल एवढी.

पंचनाम्यावर गावातल्या पाच पंचांच्या सह्या लागतात. सुतार पाचवा. तो अक्षरं लावून वाचायचा. कागदावरून बोट फिरवत तो वयाच्या रकान्यापाशी थांबला.

"बाई, हे चुकलंय. वीस कसं? माझ्या खापरपणज्याचं काम हाय हे."

"बाबा, खरं लिहिलं तर एक पैसा मिळत नाही. हे नुसतं कागदावर."

"पन सही माझी. म्हंजे मीच म्हनतोय ना?"

एसटीची वेळ झाली होती, पाय चिखलाने जड झाले होते आणि आठ दिवसांचा वैताग कुणावर तरी निघायचाच होता. मी जरा जोरातच म्हणाले, "मांडव वाचवायचाय की नाही तुम्हाला?" त्याने माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

दिवाळीनंतर पैसे आले. मांडव कमिटीचा, म्हणून कमिटीच्या खात्यात आले. तलाठ्याने फोन करून सांगितलं की तालुक्यातल्या वारसास्थळांत एवढी रक्कम दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही. मी शाळेत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर तावातावाने सगळी हकीकत सांगितली, गोठा, घसारा, दोनशेचे वीस, आणि स्टाफरूम पोट धरून हसली. सरकारला कसं गंडवावं ते बाईंकडून शिका, असं कुणी तरी म्हणालं. मला ते आवडलं.

पौषात सुतार शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. मी मधल्या सुट्टीत बाहेर गेले, तेव्हा त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं पत्र माझ्या हातात दिलं. झालं होतं असं की पैसे येताच कमिटीने सभा घेतली आणि त्या पैशात भर घालून हॉल बांधायचा ठराव केला. सुतार गप्प बसला नव्हता. जुन्या वास्तूंची देखभाल करणाऱ्या सरकारी कार्यालयाला त्याने पुतण्याकडून अर्ज लिहून घेतला होता: मांडव फार जुना आहे, पाडू देऊ नका. कार्यालयाने तालुक्याकडून माहिती मागवली. तालुक्याने पंचनामा पाठवला. आणि हे त्याचं उत्तर होतं. सदर बांधकाम वीस वर्षांपूर्वीचे असल्याने वारसा या व्याख्येत बसत नाही. अर्जदाराने स्वतः पंच म्हणून त्यावर स्वाक्षरी केलेली आहे.

वारसास्थळ म्हणून ज्याला पैसे दिले, ते वारसास्थळ नाही म्हणून पाडायला मोकळं, असं एकाच पंचनाम्याच्या आधारे दोन टेबलांनी ठरवलं होतं. त्या टेबलांवर चिडायची मला सवय आहे. पण शेवटची ओळ वाचल्यावर चिडायला जागा उरली नाही.

सुतार रागावलेला नव्हता. "त्यांचं काय चुकलं," तो म्हणाला. "तुमी लिवलं, मी सही केली. आता तुमीच सांगा त्यांना, वीस खोटं हाय म्हनून. तुमच्या पोरींनी चित्रं काढलीत ना मांडवाची, ती दाखवा." शेजारच्या कारखान्यात लूम चालू होते, त्यामुळे हे त्याला ओरडून सांगावं लागलं, आणि फाटकातल्या मुली कान देऊन ऐकत होत्या. मी म्हटलं, बघते बाबा.

काय बघत होते ते सांगते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिलं, असं लेखी द्यायचं म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे पेन्शनची फाईल कुठल्या तरी कपाटात जाऊन बसणार. नवरा म्हणाला, "एक शून्य लिहायचं राहून गेलं असं दे. दोनशेचे वीस झाले. कुणालाही पटेल." मला ते फार हुशारीचं वाटलं. मग वाटलं, ह्या हुशारीनेच तर हे सगळं झालं. मी अर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. यात बारा दिवस गेले. बारा दिवस मी रोज शाळेत जाऊन मुलींना सावलीचं चित्र शिकवलं आणि रोज ठरवलं, उद्या जाते.

तेराव्या दिवशी खरं तेच लिहून मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, वय दोनशे केलं की नुकसान निरंक होतं. मग दिलेली रक्कम वसूल करावी लागेल. आणि तुमच्यावरही..."

"करा," मी म्हटलं. "पण आधी मांडव थांबवा."

"ते आमच्याकडे येत नाही. आवक-जावकला देऊन जा."

शिक्का मारलेली प्रत घेऊन मी तशीच गणेशपुरीची एसटी धरली. गावात पोचले तेव्हा देवळापुढे मोकळी जागा होती.

मांडव पाडलेला नव्हता, सोडवलेला होता. बारा खांब वडाच्या सावलीत एका रांगेत निजवले होते, तुळया वेगळ्या, हस्त वेगळे, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा. सुतार तिथेच बसला होता. "पोरं पहारी घेऊन आल्ती," तो म्हणाला. "फोडून काढली असती. म्हटलं थांबा, मी सोडतो. चार दिवस लागले. खुंट्या पुरात फुगून घट्ट बसल्या होत्या, येत नव्हत्या." मी त्याला शिक्क्याची प्रत दाखवली. त्याने ती वाचली, बोट फिरवत, शेवटपर्यंत, आणि परत माझ्या हातात दिली. बारा दिवस कुठे होतात, असं त्याने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

वडापाशी टेम्पो लागलेला होता. जुन्या लाकडाचा एक व्यापारी सगळा माल घेऊन चालला होता, शहरात कुठल्या तरी हॉटेलासाठी. किंमत ठरवताना सेक्रेटरींनी पंचनामाच पुढे केला होता. उर्वरित साहित्याची मी लावलेली किंमत, तोच भाव. व्यापाऱ्याने तो न कुरकुरता दिला. प्रत्येक खांबावर बोटाने टकटक करून तो ऐकत होता. त्या लाकडाचं वय त्याला विचारावं लागलं नाही.

"बाई, कागद हाय का?" सुताराने विचारलं. "मी सांगतो, तुमी लिवा. हाटेलवाल्यांना हे बसवता येनार न्हाय. उलटं बसवतील, मंग वजन खांबावर न येता खुंटीवर येईल." मी पर्समधून चित्रांची वही काढली. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. एक नंबरचा खांब देवीच्या उजव्या हाताला. चारचा हस्त पाचात जात नाही, दिसायला सारखा असला तरी. खुंटी आतून बाहेर मारायची, बाहेरून आत नाही. शब्दांत सांगता येत नव्हतं तिथे मी जोड काढून दाखवला, आणि तो म्हणाला, हां, अस्सं. सहा पानं भरली. हमाल खोळंबले तरी व्यापाऱ्याने घाई केली नाही. वरती मी लिहिलं, हे काम कुणाच्या हातचं आणि किती वर्षांपूर्वीचं. या वेळी दोनशे लिहिताना काहीच अडलं नाही.

सगळं झाल्यावर मी सवयीने खाली तारीख घातली आणि सहीसाठी पेन टेकवलं.

"सही नको बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खुंटी जरा तिरकी बसलीय असं सांगावं तसं त्याने सांगितलं. "सही बघितली की मानूस इचारतो, ह्यांनी आधी काय लिवलं होतं. मंग परत वीस वर्सं निघतील."

मी पेन बंद केलं. पानं त्यानेच वहीतून सोडवून घेतली, घडी घातली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.